पहिला सीटी ‘नॉर्मल’ आला, तरी दुसरा कशासाठी?

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका गृहस्थांचे पत्र प्रसिद्ध झाले आहे. त्यांची सून बाळंत होऊन तीन आठवडे झाले होते आणि तिचे डोके दुखायचे थांबत नव्हते, म्हणून डोक्याचा सीटी स्कॅन करण्यात आला. तो ‘नॉर्मल’ आला. आणि त्याच दिवशी संध्याकाळी डॉक्टरांनी हातातून रंगाचे इंजेक्शन देऊन त्याच यंत्रावर दुसरा सीटी करायला लावला. ‘पहिला नॉर्मल होता तर दुसरा कशाला, आणि नॉर्मल नव्हता तर तसे लिहून का दिले?’ असा त्यांचा प्रश्न आहे, आणि ही सरळसरळ लूट आहे असा त्यांचा निष्कर्ष आहे. मी गेली पंचवीस वर्षे धाराशिव जिल्ह्यात (आम्ही सुरुवात केली तेव्हाच्या उस्मानाबादेत) क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करतो. त्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे असे मला वाटते. निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सविस्तर सांगितल्याशिवाय त्यांच्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारखे होणार नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

मेंदूचे वजन सुमारे १.३ ते १.४ किलो असते, म्हणजे शरीराच्या जेमतेम दोन टक्के. तरीही हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी साधारण १५ टक्के रक्त, म्हणजे मिनिटाला सुमारे पाऊण लिटर, एकट्या मेंदूकडे जाते. जेवढे जाते तेवढे परत यावे लागते, कारण कवटी ही हाडाची बंद पेटी आहे आणि तिच्यात जास्तीचे काही साठवायला जागा नाही. रक्त नेणाऱ्या रोहिण्यांविषयी लोकांना बरेच ठाऊक असते. ‘मेंदूची नस बंद झाली’, ‘लकवा आला’ असे म्हणताना आपल्या मनात त्या रोहिण्याच असतात. रक्त परत आणणाऱ्या नीलांचा विचार सहसा कोणी करत नाही. मेंदूच्या पृष्ठभागावरील लहान नीला मेंदूच्या जाड आवरणाच्या दोन पदरांमध्ये असलेल्या मोठ्या पाटांत रिकाम्या होतात. एक पाट कपाळापासून डोक्याच्या मधोमध मागे मानेच्या वर येतो, तिथे त्याचे उजवा व डावा असे दोन फाटे होतात, आणि ते कानामागून खाली उतरून मानेतल्या मोठ्या नीलांना मिळतात. या पाटांना वैद्यकात ‘सायनस’ म्हणतात. हा शब्द आमच्यासाठी मोठीच अडचण करून ठेवतो, कारण ‘सायनसमध्ये गुठळी आहे’ असे सांगितले की नातेवाईक नाकाकडे बोट दाखवतात आणि सर्दीचे औषध विचारतात. ‘गुठळी’ऐवजी कोणी ‘गाठ’ म्हणाले तर त्याहून वाईट, कारण मग घरात कॅन्सरची कुजबुज सुरू होते. या पत्रात मी सायनसला पाटच म्हणणार आहे.

माझे मूळ गाव कृष्णाकाठचे. तिकडे पाण्याचा निचरा बंद झालेल्या उसाच्या रानाला ‘चिबड’ म्हणतात. पाणी भरपूर असते, खतही असते, तरी पीक पिवळे पडते, कारण आलेले पाणी जायला वाट नसते. मेंदूचा पाट गुठळीने बंद झाला की नेमके हेच होते. मागे रक्त तुंबते, दाब वाढतो, मेंदूच्या त्या भागाला सूज येते, आणि दाब असह्य झाला की बारीक नीला फुटून रक्तस्राव होतो. रोहिणी बंद पडली तर घटका-दोन घटकांत अर्धे अंग लुळे पडते. पाट बंद पडला तर कित्येकदा दिवसेंदिवस, कधी आठवडाभर, केवळ डोके दुखत राहते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या २१ देशांतील ६२४ रुग्णांच्या अभ्यासात दहापैकी जवळजवळ नऊ रुग्णांना डोकेदुखी होती. नंतर उलट्या, अंधुक किंवा दुहेरी दिसणे, झटके, गुंगी. त्या अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी, की वेळेवर ओळखून उपचार झालेल्या रुग्णांपैकी चार-पंचमांशाच्या आसपास पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण बरे झाले. रोहिणीच्या लकव्यात असे आकडे स्वप्नातही दिसत नाहीत.

आता त्या गृहस्थांच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

सीटी यंत्र प्रत्येक ठिकाणची घनता एका आकड्यात मोजते. या मोजपट्टीला, सीटीचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड याच्या नावावरून, हाउन्सफील्ड एकक म्हणतात. त्याच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा मेंदू १९७१ साली लंडनमधल्या एका रुग्णालयात पाहिला आणि १९७९ साली त्याला नोबेल मिळाले. पाणी शून्य, हवा उणे हजार, वाहते रक्त साधारण ४० ते ६०. रक्त गोठले की त्यातले पाणी निघून जाते, तांबड्या पेशी दाटतात आणि आकडा ६०-७०च्या वर सरकतो. म्हणजे ताजी गुठळी साध्या सीटीवर नेहमीच्या रक्तापेक्षा थोडीशी पांढरी दिसते. ‘थोडीशी’ या शब्दावरच सगळा घोळ आहे. तो पांढरेपणा कवटीच्या पांढऱ्याशुभ्र हाडाला अगदी चिकटून असतो, आठवड्याभरात ओसरतो, आणि मग गुठळी आजूबाजूच्या मेंदूइतकीच करडी होऊन डोळ्यांसमोरून नाहीशी होते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ साली या आजारावर काढलेल्या निवेदनात स्पष्ट म्हटले आहे, की साध्या सीटीत दोष दिसतो तो जेमतेम ३० टक्के रुग्णांत. उरलेल्यांच्या अहवालावर ‘नॉर्मल’ असेच येणार, आणि तो अहवाल लिहिणारा खोटे बोलत नसतो. त्या सीटीत दिसण्यासारखे जे होते त्यात दोष नव्हता, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. साध्या सीटीत नीला रक्ताने भरलेल्या असूनही आजूबाजूपासून नीट वेगळ्या क्वचितच दिसतात, मग त्या बंद आहेत की उघड्या हे तो सीटी सांगणार कसे?

मात्र अहवाल लिहिणाऱ्याला सगळीच सूट देता येत नाही, आणि याचे उदाहरण म्हणून मी स्वतःलाच उभे करतो. २००९ साली, आमच्याकडे दोन स्लाइसचे, म्हणजे एका फेरीत दोनच काप (आडवी चित्रे) घेणारे, जुने यंत्र असताना, माहेरी बाळंतपणाला आलेल्या विशीतल्या एका मुलीचा डोक्याचा साधा सीटी मी पाहिला. चिठ्ठीवर एकच शब्द होता: डोकेदुखी. दुपारची घाई होती, अपघाताचे दोन रुग्ण बाहेर होते. मेंदू पाहिला, त्यात रक्तस्राव नाही, गाठ नाही. ‘विशेष दोष नाही’ असे लिहून मोकळा झालो. चौथ्या दिवशी ती झटके येत असताना परत आली, आणि या वेळी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना, अगदी वरच्या भागात, रक्तस्राव होता. दोन्ही बाजूंना आणि कोणत्याही एका रोहिणीच्या हद्दीत न बसणारा रक्तस्राव दिसला की पाटाचा संशय घ्यायचा, हे आम्ही विद्यार्थिदशेतच शिकतो. जुनी फिल्म काढून पुन्हा व्ह्यू बॉक्सवर लावली. डोक्याच्या मागच्या बाजूला, हाडाला लागून, दोन कापांत पाटाचा लहानसा त्रिकोण (आडव्या कापात पाट तसाच दिसतो) शेजारच्या मेंदूपेक्षा उजळ होता. चार दिवसांपूर्वीही तो तिथेच होता. ती वाचली, पण उजव्या हाताने नीट लिहिता यायला तिला वर्ष लागले.

तिचे हिमोग्लोबिन ६.८ होते, हे मला नंतर कळले. हा आकडा सीटीच्या चिठ्ठीवर का हवा, हे सांगण्यासारखे आहे. रक्ताचा पांढरेपणा त्यातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणावर, म्हणजे हिमॅटोक्रिटवर अवलंबून असतो, आणि तो आकडा साधारण हिमोग्लोबिनच्या तिप्पट असतो. ज्या बाईचे हिमॅटोक्रिट २१ आहे तिच्या पाटात ५५ हा आकडा आला तर तो एरवी साधा वाटेल. पण ५५ भागिले २१ म्हणजे अडीचहून जास्त, आणि हे गुणोत्तर दोनच्या वर गेले की गुठळीची दाट शंका घ्यावी लागते. उलट उन्हात राबून पाणी कमी झालेल्या, हिमॅटोक्रिट ५८ असलेल्या गड्याच्या पाटात ७० आले तरी गुणोत्तर १.२ भरते, म्हणजे बहुधा काही नाही. साध्या सीटीतून जेवढे काढता येईल तेवढे काढण्याची ही युक्ती फुकट आहे, तिला भागाकार तेवढा यावा लागतो. आमच्या जिल्ह्यात बाळंतिणींचे हिमोग्लोबिन आठ-नऊच्या खाली असणे नवलाचे नाही, त्यामुळे ही युक्ती पुण्या-मुंबईपेक्षा आम्हाला जास्त लागते.

पण शंका ती शंका. ती मिटवण्यासाठीच दुसरा, रंगाच्या इंजेक्शनचा सीटी करायचा असतो, आणि त्याला सीटी व्हेनोग्राम म्हणतात. १९९०च्या दशकात, यंत्राची नळी न थांबता गोल फिरू लागली आणि टेबल त्याच वेळी पुढे सरकू लागले, तेव्हापासून हा तपास शक्य झाला. आज तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या १६ स्लाइसच्या यंत्रावरही तो उत्तम होतो. लोक ज्याला ‘रंग’ किंवा ‘डाय’ म्हणतात तो खरे तर पाण्यासारखा रंगहीन असतो. त्यात आयोडीन असते आणि आयोडीन क्ष-किरण अडवते. साधारण ७५ ते १०० मिलिलिटर औषध पंपाने सेकंदाला तीन-चार मिलिलिटर या वेगाने कोपराजवळच्या नीलेत सोडतात. इथेच पहिली ठेच लागते. वॉर्डातून रुग्ण येतो तो मनगटावरच्या निळ्या, बारीक कॅन्युलासह (नीलेत बसवलेल्या नळीसह). एवढा वेग तिला सोसत नाही, औषध बाहेर पसरून हात सुजतो. गुलाबी किंवा हिरवी कॅन्युला कोपराच्या खोबणीत हवी. ही गोष्ट वॉर्डातल्या सिस्टरांना आधी कळवली तर रुग्णाला दुसऱ्यांदा टोचावे लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे थांबण्याचा वेळ. औषध हातातून हृदयात, तिथून फुप्फुसात, परत हृदयात आणि मग मेंदूच्या रोहिण्यांत पोहोचायला १५ ते २० सेकंद लागतात. नीला भरायला आणखी काही सेकंद. म्हणून व्हेनोग्रामसाठी साधारण ४० ते ४५ सेकंद थांबून मग चित्रे घ्यायची असतात. घाईने विसाव्या सेकंदाला घेतली तर रोहिण्या सुंदर दिसतात आणि पाट अर्धे रिकामे. मग नसलेली गुठळी ‘दिसते’. हृदय कमकुवत असलेल्या रुग्णात यापेक्षाही जास्त थांबावे लागते. सगळे वेळेवर झाले तर चांगला पाट दिव्याच्या तारेसारखा उजळतो आणि गुठळी असलेल्या ठिकाणी मध्ये काळोख व भोवती पातळ उजळ किनार दिसते. मागच्या भागात आडव्या कापात तो आकार मध्ये पोकळ असलेल्या त्रिकोणासारखा असतो, म्हणून त्या खुणेला रिकामा त्रिकोण म्हणतात. वर सांगितलेला त्रिकोण पांढरा होता. औषध दिल्यावर तोच आतून काळा होतो. विद्यार्थी इथे हमखास गोंधळतात.

चित्र घेतल्यावर ते पाहण्याचीही एक रीत आहे. मेंदू पाहण्याच्या नेहमीच्या विंडोत, म्हणजे पडद्यावर काळ्या-पांढऱ्याची जी मर्यादा लावलेली असते तीत, आयोडीन आणि हाड दोन्ही सारखेच पांढरे दिसतात, म्हणून विंडो रुंद करून, एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ कापांत, तिन्ही दिशांनी पाट तपासावा लागतो. नातेवाइकांच्या हाती जी फिल्म दिली जाते तिच्यावर पाच-पाच मिलिमीटरचे जाड काप छापलेले असतात. त्या फिल्मवरून व्हेनोग्रामचे मत देणे म्हणजे सातबारा न पाहता बांधावरून जमिनीचे क्षेत्र सांगणे. नंतर दुसरे मत घ्यायचे झाले तर फिल्म नको, सीडी मागावी, आणि तीत पातळ काप आहेत ना हे विचारून घ्यावे.

फसगतीच्या जागाही आहेत. मागे जे दोन फाटे होतात त्यांना आडवे पाट म्हणतात; बहुतेकांच्या डोक्यात उजवा आडवा पाट मोठा आणि डावा लहान असतो, काहींचा डावा तर नावापुरताच. तो जन्मजात अरुंद आहे की गुठळीने बंद झाला आहे हे ओळखण्यासाठी कवटीच्या हाडातली त्याची खोबण पाहावी लागते. खोबण रुंद आणि पाट भरत नाही, तर गुठळी. खोबणच अरुंद, तर माणूस तसाच जन्माला आलेला. त्याखेरीज मेंदूभोवतीचे पाणी शोषून घेणारे वाटाण्याएवढे कोंब पाटात डोकावतात; तेही गुठळीसारखे दिसतात, पण त्यांना गोल, रेखीव कड असते आणि त्यांची घनता पाण्याजवळची असते.

मग एमआरआय का नाही, असे त्या गृहस्थांनी पुढे विचारले आहे. एमआरआय चांगलाच आहे, मेंदूला झालेली इजा त्यात जास्त स्पष्ट दिसते, आणि पृष्ठभागावरची एखादीच बारीक नीला बंद झाली असेल तर सीटी व्हेनोग्राम ती चुकवू शकतो, एमआरआयच्या खास चित्रांत ती सापडते. गरोदर स्त्रीसाठीही मी शक्य असेल तर एमआरआयच सुचवीन. परंतु औषध न देता केलेल्या एमआर व्हेनोग्रामला रक्ताचा वाहता वेग दिसतो, रक्त नव्हे. त्यामुळे जिथे प्रवाह संथ किंवा वळणाचा असतो तिथे चांगला पाटही तुटलेला दिसतो, आणि अरुंद डाव्या पाटाला ‘बंद’ ठरवण्याच्या चुका मी त्याच तपासात सर्वांत जास्त पाहिल्या आहेत. २०११च्या त्याच निवेदनात सीटी व्हेनोग्राम हा निदानासाठी एमआर व्हेनोग्रामच्या निदान बरोबरीचा मानला आहे. यापलीकडे आमच्या भागाचे गणित वेगळे आहे. झटके येणाऱ्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह सोलापूरला किंवा लातूरला पाठवायचे, तिथे एमआरआयची वेळ मिळेपर्यंत थांबायचे, आणि मग अर्ध्या तासापर्यंत त्या बोगद्यात निश्चल झोपवायचे, यापेक्षा जे यंत्र दारात आहे त्यावर दहा मिनिटांत उत्तर मिळत असेल तर तेच आधी वापरावे. त्या गृहस्थांच्या सुनेच्या डॉक्टरांनी हेच केलेले दिसते.

हा आजार बाळंतिणीलाच का, याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण याची अर्धी उत्तरे आपल्या घरांत आहेत. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गच रक्त गोठण्याची क्षमता वाढवून ठेवतो आणि ती पुढे सहा आठवडे टिकते. त्यात रक्तक्षय आणि त्यात पाण्याची तूट. ‘बाळंतिणीने पाणी प्यायले की पोट सुटते’, ‘बाळाला सर्दी होते’ अशा समजुतींपायी ऐन चैत्र-वैशाखात, बंद खोलीत, शेगडीच्या शेकाजवळ पडलेल्या मुलीला दिवसाला दोन-तीन पेले पाणी मिळते, हे मी माझ्या स्वतःच्या घरी पाहिलेले आहे. आयांचे प्रेम खरे असते, शेक-मालिशीलाही माझा विरोध नाही. पाणी मात्र मोजून देऊ नये. पुढे डोके दुखू लागले की ‘वारे लागले’ म्हणून कान बांधले जातात, आणि ती असंबद्ध बोलू लागली तर ‘बाळंतवात’ म्हणून मांत्रिकाकडे नेण्यापर्यंत मजल जाते. भारतातून १९८३ सालीच मेंदूच्या रक्तवाहिन्यांत गुठळी झालेल्या १३५ गरोदर व बाळंत स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. म्हणजे ही गोष्ट वैद्यकाला नवी नाही.

डॉक्टरांच्याही दोन सवयी याच्या आड येतात. सिझेरियनसाठी मणक्यात इंजेक्शन दिले असेल तर नंतरची प्रत्येक डोकेदुखी त्याच्या नावावर टाकली जाते. ती डोकेदुखी उठून बसले की वाढते आणि आडवे झाले की उतरते. आडवे पडूनही दुखतच असेल, पहाटे किंवा खोकताना जास्त होत असेल, किंवा आधी उतरणारी डोकेदुखी आता उतरेनाशी झाली असेल, तर मणक्याच्या इंजेक्शनला दोष देत बसण्याची वेळ संपलेली असते. दुसरी सवय म्हणजे बाळंतिणीला झटके आले की रक्तदाबाचे झटके असे गृहीत धरणे. रक्तदाब व्यवस्थित असताना झटके आले तर पाट पाहिलेच पाहिजेत.

आजार केवळ बाळंतिणींचा आहे असेही नाही. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने २०१२ साली ४२८ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तीत निम्म्याहून अधिक पुरुष होते. रक्तक्षय, रक्तातील होमोसिस्टिन या अमिनो आम्लाचे वाढलेले प्रमाण आणि दारू ही कारणे तीत ठळक होती. होमोसिस्टिन वाढते ते पुष्कळदा बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे, आणि शुद्ध शाकाहारी घरांत ते कमी असणे नेहमीचेच. आणखी एक कारण आमच्या भागात सणासुदीला दिसते. तुळजापूरचे नवरात्र, गौरी-गणपती, घरातले लग्न, आषाढीची वारी. अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणून दहा-दहा, पंधरा-पंधरा दिवस घेतल्या जातात. त्यांतल्या नॉरएथिस्टेरॉन या संप्रेरकाचा काही अंश शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. त्यात उपवास आणि उन्हातली पायपीट. बहुसंख्य बायकांना काही होत नाही हे खरे आहे, पण ज्या एखादीला होते ती डॉक्टरांना गोळ्यांविषयी सांगत नाही, कारण ती त्यांना औषधच मानत नाही आणि सासूसमोर तो विषय काढायचीही सोय नसते. २०२१ साली कोरोनाच्या एका लसीच्या अत्यंत दुर्मीळ दुष्परिणामाच्या निमित्ताने मेंदूच्या पाटातील गुठळी हा शब्द सगळ्या वर्तमानपत्रांत महिनाभर झळकला. त्याच्या कितीतरी आधीपासून बाळंतिणींना होत आलेल्या याच गुठळीला तेवढी जागा कधी मिळाल्याचे मला आठवत नाही. संपादक महोदय, हा टोमणा आपण गोड मानून घ्यावा.

रंगाच्या इंजेक्शनच्या भीतीविषयी. औषध जाताना अंगभर ऊब पसरते, तोंडात धातूची चव येते आणि लघवी झाल्यासारखे वाटते. हे सांगून ठेवले नाही तर रुग्ण घाबरून हलतो आणि चित्र बिघडते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर रक्तातले क्रिॲटिनिन (मूत्रपिंड किती काम करते ते दाखवणारा आकडा) पाहूनच निर्णय घ्यावा, आणि पूर्वी या औषधाची तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते टाळावे. किरणांचे म्हणाल, तर डोक्याच्या एका सीटीची मात्रा साधारण दोन मिलीसिव्हर्ट असते, आणि जमिनीतून, आकाशातून व अन्नातून आपल्याला वर्षभरात सुमारे तेवढीच मिळते. आता सर्वांत महत्त्वाचे: पुष्कळ ठिकाणी अजूनही या तपासणीनंतर एक-दोन दिवस दूध पाजू नका, काढून टाका असे सांगतात. त्याची गरज नाही. आईला दिलेल्या औषधाचा एक टक्क्याहूनही कमी भाग दुधात उतरतो आणि त्याचाही एक टक्क्याहून कमी भाग बाळाच्या आतड्यातून रक्तात जातो. बाळ उपाशी ठेवून पावडरचे दूध आणायला धावणारे बाप मी इतके पाहिले आहेत की हे वाक्य ठळक अक्षरांत छापता आले तर फार बरे होईल.

निदान झाल्यावरचा उपचारही नातेवाइकांना उफराटा वाटतो. मेंदूत रक्तस्राव झालेला दिसत असताना डॉक्टर रक्त पातळ करणारे हेपॅरिन सुरू करतात, आणि घरचे म्हणतात, आधीच रक्त वाहते आहे, त्यात हे? पण रक्तस्राव झाला तो पुढचा निचरा बंद असल्यामुळे. निचरा मोकळा होणे हाच त्यावरचा इलाज. १९९१ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २० रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. हेपॅरिन दिलेल्या दहांपैकी आठ पूर्ण बरे झाले आणि दोघांत किरकोळ दोष राहिला. न दिलेल्या दहांपैकी तिघे दगावले आणि एकच पूर्ण बरा झाला. फरक इतका ढळढळीत होता की प्रयोग मध्येच थांबवावा लागला. रुग्ण थोडेच होते, तरी आज जगभर हीच पद्धत आहे, आणि पुढे काही महिने गोळ्या चालू ठेवल्या जातात. म्हणूनच निदान निश्चित असावे लागते. नुसत्या संशयावर, रक्तस्राव झालेल्या डोक्यात हेपॅरिन द्यायला कोणता डॉक्टर धजावेल?

लूट होतच नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही. साध्या डोकेदुखीला, कोणतीही धोक्याची खूण नसताना, सरसकट सीटी आणि वर रंगाचे इंजेक्शन करणारे आमच्याच व्यवसायात आहेत, आणि पाठवणाऱ्याला टक्केवारी देणारेही आहेत. त्यांच्यामुळेच खऱ्या गरजेच्या वेळी नातेवाइकांचा विश्वास बसत नाही. सरकारी रुग्णालयात गरोदर व बाळंत स्त्रियांच्या तपासण्या २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत, हे निदान आशाताईंनी प्रत्येक बाळंतिणीच्या घरी आवर्जून सांगावे. आणि ज्या केंद्रात बाळंतिणीचा तपास होणार आहे तिथे साधा सीटी झाल्याबरोबर, रुग्ण टेबलावरून उतरण्याआधी, रेडिओलॉजिस्टने तो पाहून व्हेनोग्राम लगेच करायचा की नाही हे ठरवावे. सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन फेऱ्या, दोन बिले आणि मधले सहा तास हे सगळे त्याने वाचते. त्या गृहस्थांच्या तक्रारीत मला खरोखर दोषाची जागा दिसते ती एवढीच. माझ्या केंद्रात मी चिठ्ठीवर चार रकाने छापून घेतले आहेत: बाळंतपण कधी झाले, हिमोग्लोबिन किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत, आणि आडवे झाल्यावर डोकेदुखी वाढते की उतरते. चारही भरलेले फार क्वचित येतात, पण दुसरा रकाना आता बहुतेक वेळा भरलेला असतो.

त्या गृहस्थांनी आपल्या पत्रात दुसऱ्या सीटीत काय निघाले हे लिहिलेले नाही. पाट मोकळे निघाले असतील तर त्या मुलीची डोकेदुखी कशाची, हे पुढे शोधावे लागेल आणि तो खर्च वाया गेला असे मी तरी म्हणणार नाही. गुठळी निघाली असेल आणि तिला गोळ्या सुरू असतील, तर त्या मध्येच बंद करू नयेत, आणि पुढे कधी गर्भनिरोधक गोळी किंवा पाळी लांबवण्याची गोळी घेण्याआधी हा अहवाल डॉक्टरांना दाखवावा. अहवालाबद्दल शंका असेल, तर पातळ काप असलेली सीडी आपल्या कार्यालयामार्फत माझ्याकडे पाठवावी. मी ती पाहून लेखी मत देईन, त्याचे पैसे घेणार नाही.

आपला विश्वासू,
एक क्ष-किरणतज्ज्ञ,
जि. धाराशिव